हिमयंत्र आहे, मग हिम का नाही?

बद्रीनाथची यात्रा करून मे महिन्याच्या अखेरीस परतलेला नववीतील एक विद्यार्थी मला भेटायला आला. वाटेत जोशीमठला मुक्काम होता, म्हणून एक दिवस घरच्यांबरोबर तो औलीलाही जाऊन आला होता. औलीविषयी मात्र स्वारी नाराज होती. "सर, तिथे बर्फ नव्हताच. नुसते गवत! बाबांनी सगळ्यांसाठी गमबूट भाड्याने घेतले होते, ते घालून आम्ही गवतातूनच हिंडलो." आणि मग त्याने खरा प्रश्न विचारला. "तिथे बर्फ तयार करणारी यंत्रे आहेत, असे ड्रायव्हरकाका सांगत होते. यंत्र आहे, मग बर्फ का नाही?" त्याच्या वडिलांनी या प्रश्नाचे उत्तर जागच्या जागी देऊन टाकले होते : सरकारी कारभार, दुसरे काय!

मला ते उत्तर पटले नाही. या प्रश्नात उष्णतेचे, पाण्याचे आणि भूगोलाचे इतके धडे दडलेले आहेत, की औलीला जाणाऱ्या प्रत्येक शाळेने तो विचारावा. आणि त्याचे उत्तर नीट शोधले, तर अशा ठिकाणी आपण कोणत्या सोयी मागाव्यात आणि कोणत्या मागू नयेत, हेही ठरवता येते. त्याविषयी माझे एक मत आहे, ते पुढे येईलच.

आधी औली कोठे आहे ते पाहू. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात जोशीमठ हे गाव आहे. बद्रीनाथला जाणारा प्रत्येक मराठी यात्रेकरू तेथून जातो. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर. गावाच्या डोक्यावर जो डोंगरउतार आहे, त्यावर २,५०० ते ३,००० मीटरांच्या दरम्यान औलीची कुरणे पसरलेली आहेत. गढवालीत अशा कुरणाला 'बुग्याल' म्हणतात. समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवीचे शिखर दिसते. उन्हाळ्यात येथे गवत वाढते, गुरे-मेंढ्या चरतात. हिवाळ्यात हिम पडले, की हाच उतार पायांना लांब पट्ट्या बांधून घसरण्याच्या खेळाचे, म्हणजे स्कीइंगचे, मैदान बनतो. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची पर्वतारोहण आणि स्कीइंग शिकवणारी संस्था येथेच आहे. गढवाल मंडल विकास निगम हौशी लोकांसाठी सात आणि चौदा दिवसांचे वर्ग चालवत आले आहे. तेव्हा मे महिन्यात औलीला गवत दिसले, यात कोणाचीच चूक नाही. मे महिन्यात तेथे गवतच असावयास हवे.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपण बोलताना सरसकट 'बर्फ' म्हणतो. पण ढगातून स्फटिकरूपाने पडते ते हिम, आणि पाणी गोठून होतो तो बर्फ. फरक वाटतो तितका किरकोळ नाही. ताज्या हिमात पाण्यापेक्षा हवाच जास्त असते. दहा सेंटिमीटर जाडीचा ताजा थर वितळवला, तर साधारणपणे एक सेंटिमीटर पाणी हाती लागते. म्हणून हिमावर साधे बूट घालून चालणारा माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. हिशेब करून पाहा. तुमच्या दोन्ही बुटांच्या तळव्यांचे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर भरेल. १७० सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या पायाला बांधल्या, तर ते २,७२० चौरस सेंटिमीटर होते. वजन तेच, पण दाब पाचपटींहूनही कमी झाला. या पट्ट्या आधी रुतू नये म्हणूनच होत्या. घसरण्याची मजा त्यातूनच पुढे आली.

आणि त्या घसरतात का? पट्टी व हिम यांच्यातील घर्षणाने उष्णता निर्माण होते, तिने हिमाचा पृष्ठभाग किंचित वितळतो, आणि पाण्याचा अतिशय पातळ थर वंगणासारखा काम करतो. बौडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ साली स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथील उंचावरच्या प्रयोगशाळेत प्रयोग करून हे दाखवले. चांगले मेण लावलेल्या पट्टीचा घर्षणांक ०.०५ इतका कमी असू शकतो. म्हणजे शंभर मीटरांत पाच मीटरांचा उतार असला, तरी माणूस घसरू लागतो. आपल्याकडे एवढ्या उतारावरून सायकलचा ब्रेक सोडायलाही कोणी फारसा कचरत नाही. तेथे मात्र थांबायचे कसे हे शिकण्यातच नवख्यांचे पहिले दोन दिवस जातात.

आता सोयींकडे वळू. औलीची सर्वांत गाजलेली सोय म्हणजे जोशीमठहून वर जाणारा रज्जुमार्ग. १९८० च्या दशकात त्याचे काम सुरू झाले आणि १९९० च्या दशकात तो लोकांसाठी खुला झाला. लांबी सुमारे चार किलोमीटर, आणि तेवढ्यात तो अकराशे मीटरांच्या आसपास उंची गाठतो. त्याची रचना विहिरीवरच्या रहाटाला दोन पोहरे बांधावेत तशी आहे. एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. खाली येणाऱ्याचे वजन वर जाणाऱ्याला ओढायला मदत करते, आणि मोटारीला फक्त दोहोंतील फरक आणि घर्षण यांच्याशीच झगडावे लागते. रायगडाच्या रज्जुमार्गाने जे गेले असतील त्यांना ही युक्ती लगेच ओळखता येईल. साठ किलो वजनाच्या माणसाला अकराशे मीटर वर उचलायला किती ऊर्जा लागते? ६० × ९.८ × १,१०० म्हणजे सुमारे साडेसहा लाख ज्यूल. विजेच्या एका युनिटाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. प्रत्यक्षात यंत्राला याहून अधिक वीज लागते हे खरे. पण डोंगर कापत, वळणे घेत जाणारा रस्ता करून तितकीच माणसे मोटारींनी वर नेण्यापेक्षा खांबांवरून तारेने नेणे डोंगराच्या दृष्टीने बरे, असे माझे मत आहे. मी यंत्रांच्या विरोधात नाही, हे येथेच सांगून ठेवतो; कारण पुढचे वाचून कोणाला तसे वाटण्याचा संभव आहे.

वर पोचल्यावर खुर्च्यांचा पाळणा आहे. तो खेळाडूंना उताराच्या माथ्यावर नेऊन सोडतो. पट्ट्या, बूट, काठ्या भाड्याने मिळतात. पट्टीला बूट पकडून ठेवणारी जी खिटी असते, ती जरूर पाहावी. ठरावीक जोरापेक्षा अधिक पीळ बसला, की ती आपोआप सुटते आणि पाय मोडण्याऐवजी पट्टी निखळते. यंत्राने केव्हा धरावे आणि केव्हा सोडावे याचा इतका सुबक नमुना शाळेच्या कार्यशाळेत सहसा मिळत नाही. काळ्या चष्म्याचीही टंगळमंगळ करू नये. स्वच्छ हिम सूर्यप्रकाशाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग परत फेकते, शिवाय उंचीवर अतिनील किरण अधिक. डोळे भाजून निघतात.

आणि हिमयंत्रे. २०११ च्या जानेवारीत पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा देहरादून आणि औली येथे झाल्या. त्यांच्या निमित्ताने औलीला कृत्रिम हिम तयार करणारी यंत्रे बसवली गेली. त्यांना पाणी हवे म्हणून वर एक तळेही आहे.

हे यंत्र करते काय? आपल्या विद्यार्थ्याची कल्पना अशी होती, की हा एक मोठा शीतकपाट असावा : कळ दाबली, की थंडी तयार. तसे ते मुळीच नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ही युक्ती प्रथम निघाली, आणि तिचे तत्त्व अजून तेच आहे. दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र करून बारीक तुषारांच्या रूपाने आकाशात उडवायचे. दाबातून सुटलेली हवा प्रसरण पावताना थंड होते, त्यामुळे काही सूक्ष्म थेंब ताबडतोब गोठून स्फटिकांची बीजे बनतात. बाकीचे थेंब खाली येईपर्यंत या बीजांभोवती गोठतात. पण गोठताना प्रत्येक ग्रॅम पाणी ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. ही उष्णता कोणीतरी वाहून न्यायला हवी. ती नेते भोवतालची हवा. म्हणून हवा थंड हवी, आणि शिवाय कोरडी हवी.

कोरडी का? हे समजायला हिमालयात जाण्याची गरज नाही, नागपूरला जावे. मे महिन्यात नागपूरकरांच्या खिडकीत वाळ्याच्या पडद्यांचा कूलर झकास चालतो, तोच मुंबईत नेला तर नुसती ओलसर हवा तोंडावर मारतो. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि उरलेले पाणी थंड होते, माठाचेही तेच. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल, तर वाफ होणार कशी? हिमयंत्राच्या तुषारांतही हेच घडते. शून्य अंशाजवळ एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ६०० कॅलरी लागतात, आणि एक ग्रॅम गोठताना ८० कॅलरी बाहेर पडतात. म्हणजे एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडाले, तर सात ग्रॅम पाणी गोठवण्याची सोय करून जाते. म्हणून हिमयंत्र चालवणारे साध्या तापमापकाकडे न पाहता, ज्याच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळलेली आहे अशा तापमापकाकडे पाहतात. त्याचा आकडा शून्याखाली सुमारे दोन अंश उतरल्याशिवाय यंत्र चालवण्यात अर्थ नसतो.

तेव्हा हिमयंत्र म्हणजे थंडी तयार करणारे यंत्र नव्हे; थंडी आयती मिळाली, तर पाण्याचे हिम करून देणारे यंत्र होय. मे महिन्यात ते चालवले असते, तर औलीला कारंजे उडाले असते.

गंमत पाहा. पाऊस-हिम नाही पण रात्री कडाक्याच्या थंड आणि कोरड्या आहेत, अशा हिवाळ्यात हे यंत्र खरोखर उपयोगी पडते. परंतु हिवाळाच उबदार निघाला, तर आकाशही हिम देत नाही आणि यंत्रही देत नाही. पश्चिम हिमालयातील हिवाळी हिम भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असते. ते कधी येतात, कधी उशिरा येतात, कधी हिमाऐवजी पाऊस देऊन जातात. २०२३ च्या फेब्रुवारीत औलीला ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा हिमाअभावी रद्द कराव्या लागल्या. काश्मीरमधील गुलमर्ग औलीहून अधिक नशीबवान म्हणावे लागेल. गावच २,६५० मीटरांवर, आणि तेथील रज्जुमार्ग दोन टप्प्यांत ३,९०० मीटरांच्याही वर जातो. पण २०२४ च्या जानेवारीत तेथेही पर्यटकांना तपकिरी गवत पाहावे लागले, आणि २०२५ मध्ये हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या.

कोणी म्हणेल, २०२२ चे बीजिंगचे हिवाळी ऑलिंपिक तर जवळजवळ संपूर्णपणे कृत्रिम हिमावर झाले! झाले, यात शंका नाही. तेथील हिवाळा अतिशय थंड आणि कोरडा असतो, म्हणजे यंत्राला हवी तशी हवा तेथे होती. राहिला प्रश्न पाण्याचा. तो आपण औलीसाठी सोडवून पाहू. एक किलोमीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद अशी एकच पट्टी घ्या. तीवर तीस सेंटिमीटर जाडीचा थर हवा. घनफळ झाले १२,००० घनमीटर. यंत्राचे हिम आकाशातल्या हिमापेक्षा बरेच घट्ट असते. एका घनमीटरात ४०० किलो धरले, तर पाणी लागले ४८ लाख लिटर, आणि वाऱ्याने उडाले ते वेगळे. खेड्यातील माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी नळाने मिळावे, असे आपल्या देशाने ठरवले आहे. या हिशेबाने हजार वस्तीच्या गावाला ते सुमारे ८७ दिवस पुरेल. हा झाला एकदा थर घालण्याचा खर्च. मध्येच चार उबदार दिवस आले, की पुन्हा श्रीगणेशा.

आणि हे सारे पाणी कोठे उभे आहे, तर जोशीमठच्या माथ्यावर. जोशीमठ वसले आहे ते अखंड खडकावर नव्हे, एका जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर; माती, वाळू आणि मोठमोठे धोंडे यांचा तो थर आहे. हे काल-परवा कळले असेही नाही. तेव्हाचे गढवालचे आयुक्त महेशचंद्र मिश्र यांच्या समितीने १९७६ सालीच सांगून ठेवले होते, की येथे अवजड बांधकामे करू नका, उतारावरचे धोंडे खणून किंवा सुरुंग लावून काढू नका, झाडे तोडू नका, आणि पाण्याचा निचरा नीट करा. पुढे गाव वाढत गेले. २०२३ च्या जानेवारीत घरांना भेगा पडल्या. आठशेहून अधिक इमारतींवर भेगांची नोंद झाली, शेकडो कुटुंबांना भर थंडीत घरे सोडावी लागली. त्याच वेळी रज्जुमार्गही बंद करावा लागला. या भेगांचे खापर औलीच्या खेळावर फोडणे मात्र चुकीचे होईल. मुरणारे सांडपाणी, निचऱ्याचा अभाव, वजनदार इमारती, डोंगरातील खोदकामे अशी अनेक कारणे तज्ज्ञांनी मांडली. परंतु एवढे झाल्यावर त्याच उतारावर आणखी पाणी चढवावे, आणखी पाया खणावा, असे सुचवणाऱ्याने आधी त्या मातीची तपासणी पुढे ठेवली पाहिजे.

म्हणून माझे मत असे. औलीला आणखी हिमयंत्रे, आणखी मोठी तळी यांची मागणी आपण पर्यटकांनी करू नये. रज्जुमार्ग मात्र जमिनीची कसून पाहणी करून, ती जेथे भक्कम असेल तेथे खांब रोवून, पुन्हा चालावा असे मला वाटते. ज्या हिवाळ्यात हिम पडेल त्या हिवाळ्यात खेळ व्हावा. न पडेल त्या वर्षी स्पर्धा पुढे ढकलाव्यात, जरूर तर रद्द कराव्यात. शेतकरी पाऊस नसेल तर पेरणी थांबवतो, त्यात कोणी त्याला नावे ठेवत नाही. यावर एक आक्षेप रास्त आहे. पट्ट्या भाड्याने देणारे, शिकवणारे, खानावळी चालवणारे स्थानिक लोक या दोन-तीन महिन्यांवर वर्ष काढतात. हिम न पडलेल्या वर्षी त्यांनी काय करावे? त्यांचे नुकसान खरे आहे, आणि बाहेरून सल्ला देणाऱ्या माझ्यासारख्याला ते सोसावे लागत नाही. पण हेच लोक जोशीमठला राहतात, आणि उबदार हिवाळ्यात यंत्रेही त्यांच्या मदतीला येणार नाहीत, हे आपण वर पाहिले. उन्हाळ्यातले बुग्याल, तेथील वनस्पती, पक्षी, नंदादेवीचे दर्शन यांसाठी माणसे येतील, तर त्यांची कमाई एका हवामानावर टांगलेली राहणार नाही. त्यासाठी आपणच 'बर्फ नाही म्हणजे पैसे फुकट' हे म्हणणे सोडायला हवे.

बोलिव्हियातील चाकाल्तायाची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. ला पाझ शहराजवळच्या या डोंगरावर ५,३०० मीटरांहून अधिक उंचीवर एक हिमनदी होती, आणि तिच्यावर जगातील सर्वांत उंच स्कीइंगचे मैदान. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथे मोटारीच्या इंजिनावर चालणारा ओढदोर बसवला गेला होता. हिमनदी आटत आटत २००९ साली पूर्णपणे नाहीशी झाली. क्लबाची इमारत मात्र तेथे उभी राहिली.

शाळेची सहल औलीला न्यायची असेल, तर शिक्षकांनी मुलांना दोन तापमापक बरोबर घ्यायला सांगावेत. एकाला ओली चिंधी बांधावी. जोशीमठला आणि वर औलीला एकाच दिवशी नोंदी घ्याव्यात. उंचीच्या फरकामुळे सुमारे सात अंशांचा फरक अपेक्षित आहे. तितका येत नसेल तर का, हे शोधावे. हिम असेल तर डब्यात भरून वितळवावे आणि किती पाणी झाले ते मोजावे. यात्रेहून आलेल्या त्या विद्यार्थ्याने यातील ओल्या चिंधीचा प्रयोग घरच्या गच्चीवर करून पाहिला, आणि ४८ लाख लिटरांचा हिशेब आपल्या गावच्या एक लाख लिटरांच्या टाकीशी ताडून पाहिला. टाकी अठ्ठेचाळीस वेळा भरावी लागेल, हे कळल्यावर तो बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने विचारले, "सर, हिम वितळल्यावर तेच पाणी परत तळ्यात आणता नाही का येणार?"

थोडे आणता येईल, असे मी त्याला सांगितले. काही उडून जाईल. बाकीचे मातीत मुरेल किंवा उताराने जोशीमठकडे वाहील. मग त्याने वहीत औलीचा उतार काढला, खाली जोशीमठ दाखवले, आणि पाण्याच्या वाटांचे बाण काढायला घेतले.